छतावरचं सोलर आणि स्टिल्टखालची गाडी

दीड महिन्यात तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला. पहिल्यांदा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, मग घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर, आणि काल रात्री साडेअकराला फोनवर. "अरे, व्हॅन घेतोय. कॅम्पर करून घेणार. छतावर किती वॉटचं सोलर टाकू?"

तिघांनाही मी एकच उलटा प्रश्न विचारला: गाडी उभी कुठे करणार? तिघंही दोन सेकंद गप्प. मग उत्तर आलं, "म्हणजे काय, बिल्डिंगखाली. स्टिल्टमध्ये."

झालं तर मग! अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, आपल्यासारख्यांची गाडी सोमवार ते शुक्रवार बिल्डिंगच्या पोटात उभी असते. वर स्लॅब, स्लॅबवर पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं स्वयंपाकघर. त्या पॅनेलवर ऊन पडायचं तर आधी काकूंची ओटा-फरशी उचकटावी लागेल. तरीसुद्धा गाडी घ्यायच्या आधी आपण पॅनेलचे वॉट मोजायला बसतो, कारण यूट्यूबवर अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात राहणारा कुणीतरी दाढीवाला तसं करतो. तो त्या गाडीत वर्षभर राहतो हो. आपण महिन्यातून दोन रात्री राहतो, आणि त्यातलीही एक रात्र बॉसच्या कृपेने रद्द होते.

माझं म्हणणं सरळ आहे, आवडणार नाही याची खात्री आहे, तरी लिहितो. मुंबईतून शनिवार-रविवार बाहेर पडणाऱ्या माणसाने व्हॅनच्या छतावर कायमची पॅनेल्स बसवणं हा शो आहे. विजेचा प्रश्न त्याने सुटत नाही. बरेचदा तो झाकला जातो, आणि झाकलेला प्रश्न रात्री तीन वाजता उठतो.

रात्री तीनचं मी अलंकारिक बोलत नाहीये. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझा एक मित्र आहे, त्याला इथे बोरिवलीकर म्हणू. त्याने एक ट्रॅव्हलर रीतसर कॅरॅव्हॅन म्हणून बांधून, नोंदवून घेतली. (हे 'रीतसर' महत्त्वाचं आहे, त्यावर खाली येतो.) सोलरचं काम मात्र उपनगरातल्याच एका दुकानाला वेगळं दिलं. छतावर ५४० वॉटची दोन घरगुती पॅनेल्स, खाली बेडच्या पेटीत १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, इन्व्हर्टर, आणि 'एमपीपीटी' असं स्टिकर लावलेला कंट्रोलर. दुकानदाराचा हिशोब कागदाच्या मागे: १०८० वॉट गुणिले पाच तास, रोजची ५.४ युनिटं. "साहेब, एसीसुद्धा चालेल." बोरिवलीकर खूश. मीही खूश, कारण त्याने विचारलं, "काका-काकूंना घेऊन गुहागरला येतोस का?"

माझ्या बाबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत श्वास मध्येच थांबतो, म्हणून नाकावर मास्क लावून रात्रभर सीपॅप मशीन चालवावं लागतं. मुलुंडहून निघताना बाबांनी दोनदा विचारलं, "अरे, मशीनला लाईट पुरेल ना रे?" मी ऐटीत म्हटलं, "बाबा, एक किलोवॉट आहे छतावर!"

मुलुंड ते गुहागर, जेवणखाण धरून नऊ तास. त्यातले सात-साडेसात तास इंजिन चालू. पोचलो, एका वाडीत नारळ-सुपारीच्या सावलीत गाडी लावली. मे महिन्यात कोकणात गाडी उन्हात कोण लावतो? पहिली रात्र कशीबशी निघाली. दुसऱ्या रात्री दहाला सगळे झोपलो. मशीन, त्याचा पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर, दोन पंखे, छोटा फ्रीज आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते, असं सगळं मिळून १८० वॉटच्या आसपास. तीनला काही मिनिटं असताना इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि मेला. मला जाग आली ती शिट्टीने नाही. बाबा मास्क ओढून काढत उठून बसले होते आणि जोरजोरात श्वास घेत होते, त्याने आली. नंतर उजाडेपर्यंत ते गाडीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परत आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे क्लॅम्प मीटर आणला. वायरीभोवती चिमटा लावला की आतून किती अँपिअर वाहतायत ते कळतं. मात्र डीसी मोजणाराच घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. लॅमिंग्टन रोडला चक्कर मारायला एक निमित्तही झालं. भर दुपारी गाडी मोकळ्या मैदानात उभी केली आणि मोजलं. पॅनेलकडून येणारा करंट २५ अँपिअर, बॅटरीकडे जाणारा करंटही २५ अँपिअर.

इथे थोडं थांबतो, कारण सगळी गंमत इथेच आहे. घरगुती मोठं पॅनेल सुमारे ४१ व्होल्टला आणि १३ अँपिअरला आपली पूर्ण ताकद देतं. बॅटरी असते १२-१३ व्होल्टची. खरा एमपीपीटी कंट्रोलर ४१ व्होल्टची वीज घेऊन ती कमी व्होल्ट, जास्त अँपिअर अशी बदलून देतो, म्हणजे बॅटरीच्या बाजूला करंट जवळजवळ तिप्पट दिसायला हवा. दोन्हीकडे करंट सारखाच दिसला, याचा अर्थ आत साधा पीडब्ल्यूएम बसलाय. पीडब्ल्यूएम हा खरं तर नुसता स्विच. तो पॅनेलला खाली खेचून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, उरलेलं सोडून देतो. २५ गुणिले १३, म्हणजे सव्वातीनशे वॉट. हजार वॉटच्या पॅनेलमधून! स्टिकर एमपीपीटीचं, आतला माल पीडब्ल्यूएमचा. सॉफ्टवेअरमध्ये याला आपण 'युजर इंटरफेस चांगला आहे' असं म्हणतो :)

आणि हे भर उन्हातलं झालं. नारळाच्या सावलीत काय होतं? पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. एका सेलवर सावली पडली की त्या अख्ख्या रांगेचा करंट अडतो. म्हणून पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात, ते अडलेला भाग वगळून बाकीच्यातून करंट जाऊ देतात. म्हणजे एका झावळीची सावली पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पाडू शकते. तीन झावळ्या, तीन हिस्से, खेळ खलास. व्हॅनच्या छतावर तर झावळीचीही गरज नाही. कॅरिअरचा दांडा, एसीचा डबा, व्हेंटचं झाकण, सगळे सावली पाडायला टपलेले असतात.

छतावरच्या सोलरचा मूळ झगडा हाच आहे आणि तो कुठल्याच ब्रोशरमध्ये छापत नाहीत. पॅनेलला ऊन हवं, माणसाला सावली हवी. छताला पॅनेल जखडलं की दोघांपैकी एकाला उपाशी ठेवणं आलं. थंड देशात हा झगडा नाही, तिथे माणसालाही ऊन हवं असतं. आपण १९ अक्षांशावर राहतो. मेच्या मध्यात मुंबईत दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तेव्हा छतावर सपाट ठेवलेलं पॅनेल कागदावर अगदी आदर्श कोनात असतं. पण तेव्हाच तापलेल्या पत्र्यावर सेलचं तापमान ६५ अंशांपर्यंत जातं. पॅनेलचे वॉट मोजलेले असतात २५ अंशांना, आणि वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट. ४० अंश जास्त म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. त्यात पत्र्याला थेट चिकटवायची लवचीक पॅनेल्स घेतलीत तर खालून हवाच नाही. ती फुगतात, पिवळी पडतात, आणि मग ती काढताना छताचा रंगही बरोबर येतो.

पावसाळ्याचं काय सांगू? मुंबईत वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच तासांच्या आसपास पूर्ण ताकदीचं ऊन धरतात, जुलै-ऑगस्टमध्ये ते साडेतीन-चारवर येतं. हे मुंबईचं. आपण जुलैत जातो कुठे? भंडारदरा, माळशेज, ताम्हिणी. जिथे ढग गाडीच्या बोनेटवर येऊन बसतात! तिथे पॅनेलने दहा-पंधरा टक्के दिलं तरी सत्यनारायण घालावा.

आता त्या सात तासांकडे येतो. मुलुंड ते गुहागर इंजिन चालू होतं, अल्टरनेटर फिरत होता, आणि मागच्या बॅटरीत त्यातला एक अँपिअरही गेला नाही, कारण कुणी वायरच जोडली नव्हती! दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, सोलर आहे ना!" ३० अँपिअरचा एक डीसी-टू-डीसी चार्जर, पुस्तकाएवढा डबा, तो मध्ये असता तर तासाला ४०० वॉट-अवर आले असते. सात तासांत पावणेतीन युनिटं. ती बॅटरी भरून उतू गेली असती. (नुसत्या रिलेने जोडू नका. हल्लीच्या बीएस-६ गाड्यांमध्ये अल्टरनेटर इंधन वाचवायला मध्येच व्होल्टेज पाडतो. डीसी-टू-डीसी चार्जर तेही सांभाळतो आणि लिथियम बॅटरीने अल्टरनेटरचा जीव घेऊ नये हेही पाहतो.)

"पण ती वीज डिझेलवरची. सोलर फुकट!" ठीक आहे, करू हिशोब. लिटरभर डिझेलमध्ये दहा युनिटं ऊर्जा असते. इंजिन आणि अल्टरनेटर दोघांनी आपापला हात मारल्यावर हातात दोनेक युनिटं उरतात. लिटरला नव्वद रुपये धरा, म्हणजे युनिटला ४५ रुपये. महागच आहे! पण लागणार किती? एसी वगळला तर दोन-तीन माणसांचं दिवसाचं खातं असं: पंखे पाव युनिट, फ्रीज अर्धं ते पाऊण, लॅपटॉप-फोन-दिवे मिळून थोडं. सव्वा युनिट पुष्कळ झालं. वर्षाला २४ रात्री, म्हणजे ३० युनिटं. खर्च १३५० रुपये. याच्यासाठी छतावर साठ हजार घालणारा माणूस ऑफिसात मात्र क्लाऊडच्या बिलावरून दोनशे रुपयांसाठी मीटिंग बोलावतो.

आणि शुक्रवारी रात्री सोसायटीतल्या प्लगवर बॅटरी भरून निघालात तर तेही नको. सव्वा युनिटाचे फार तर वीस रुपये. सेक्रेटरीला हवं तर महिन्याचे शंभर आगाऊ देऊन पावती घ्या, म्हणजे पुढच्या एजीएममध्ये विषय निघणार नाही. (निघेल. पण पावती असेल.)

एसीचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला. रात्रभर एसी म्हणजे चार-पाच युनिटं. ती साठवायला पन्नास किलोची लिथियम बॅटरी आणि लाखाच्या वर पैसे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी ती भरायला छतावर जागा उरत नाही. एसी हवाच असेल तर प्लग असलेल्या जागी मुक्काम करा. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे ती याचसाठी: पाणी, वीज, स्वच्छतागृह. आपल्या माणसाच्या खऱ्या गरजेचं उत्तर तिथे आहे. पण चांगल्या पार्कसाठी आरडाओरडा करण्यापेक्षा पॅनेलचा फोटो टाकणं सोपं.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. 'मोटर कॅरॅव्हॅन' हा नोंदणीचा वेगळा प्रकार आहे, त्याला वेगळं मानक आहे. बोरिवलीकराने बांधणी त्यात केली म्हणून त्याला 'रीतसर' म्हटलं. शेजारच्या गॅरेजात ईकोच्या सीटा काढून बेड ठोकणाऱ्यांनी पॅनेलच्या वॉटआधी हा विचार करावा. अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस आधी छताकडे बघतो असं माझं मत आहे. आणि छतावर २८-२८ किलोच्या दोन काचा वाऱ्याच्या तोंडी बांधून आपण एक्सप्रेसवेवर मागच्या गाडीपुढे धावतोय, याचाही.

खरी भीती मात्र मला दुसऱ्याच गोष्टीची वाटली. त्या गाडीची पेटी उघडली तेव्हा कळलं की बॅटरीच्या प्लसला फ्यूजच नाही. १२ व्होल्टवर हजार वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण ताकदीने चालला तर ९०-९५ अँपिअर ओढतो, आणि वायर होती घरातल्या गिझरला टाकतात तसली, चार स्क्वेअर एमएमची. तिथे पंचवीस-पस्तीसची हवी. "बारा व्होल्टने काय शॉक लागतो का!" नाही लागत. पण वायर लाल होते, गादीखाली. त्यात ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून घरात आपण ती बाल्कनीच्या हवेत ठेवतो. इथे ती बंद पेटीत होती. पेटीवर गादी, गादीवर बाबा. हे पाहिल्यावर मला दुकानात जाऊन भांडायचंही बळ राहिलं नाही. बोरिवलीकर जाऊन आला. दुकानदार म्हणाला, "साहेब, असंच करतात सगळे."

हे मला शंभर टक्के खरं वाटतं, आणि म्हणून हा एवढा लांबलचक राग. सगळे असंच करतात, कारण गिऱ्हाईक छताकडे बघून पैसे देतं. फ्यूजचा फोटो कोण टाकतो?

मग घ्यायचं काय? आधी आठ दिवस घरी मोजा. तुमचा पंखा, लॅपटॉप, मशीन, प्रत्येक गोष्ट प्लगवरच्या छोट्या मीटरला लावून. त्यातून रात्रीचा आकडा येतो, त्यावरून बॅटरी. आमच्या कामाला १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट पुरते: बारा-तेरा किलो, आणि १२८० वॉट-अवरपैकी हजारावर वापरता येतात. ट्यूब्युलर साठ किलोची असून निम्मीच वापरावी, वर उष्णतेत तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. मग फ्यूज आणि जाड वायर, मग डीसी-टू-डीसी चार्जर, मग घरच्या प्लगवरचा चार्जर. एवढं झाल्यावर दोन रात्रींपेक्षा जास्त एका जागी राहणार असाल तर, आणि तरच, पॅनेल. तेही घडीचं, शंभर-दीडशे वॉटचं, दहा मीटर वायरसकट. गाडी आंब्याखाली, पॅनेल अंगणात उन्हात. तासा-दोन तासाने जाऊन सूर्याकडे फिरवा, तेवढाच व्यायाम. चोरीला जाईल म्हणता? रात्री आत घ्या, रात्री तसंही ते काही देत नाही.

लडाखला महिनाभर जाणाऱ्यांनी मला शिव्या देऊ नयेत. तिथे ऊन कडक, हवा थंड, झाडं नाहीत, एका जागी चार-चार दिवस मुक्काम. तिथे छतावरचं पॅनेल शोभतं आणि कामही करतं. फक्त लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, तेवढं सांभाळा. पण आयुष्यात एकदा लडाखला जायचं म्हणून वर्षभर मुलुंड चेकनाक्यावर छप्पन्न किलो काच फिरवायची?

सोलरचा एवढाच पुळका असेल तर सहा मजले वर चढा. सोसायटीची गच्ची रिकामी पडलीय, तिथे रोज ऊन पडतं, आणि २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८ हजारांचं अनुदान आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. मुलुंडात महावितरण, बोरिवलीत दुसरी कंपनी, अर्ज वेगवेगळे, पण सूर्य एकच. तिथे मात्र सह्या गोळा कराव्या लागतात, म्हणून कुणी जात नाही. असो, तो वेगळा लेख आहे.

डिसेंबरात पुन्हा गुहागरला गेलो. तीच वाडी, तीच नारळाची सावली. मशीन १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर, म्हणजे इन्व्हर्टरची मधली दलाली बंद, आणि डॉक्टरांना विचारून ह्युमिडिफायर बंद. फ्रीज एकच रात्र चालवला. तिसऱ्या सकाळी बॅटरी ५८ टक्के होती. मी आकडा दाखवला तर बाबा म्हणाले, "मला काय दाखवतोस, मी झोपलो होतो."

बोरिवलीकराने ती दोन पॅनेल्स शेवटी छतावरून उतरवली. फार जड मनाने, त्याच्या गाडीचा रुबाबच गेला म्हणे. आता ती पालघरला त्याच्या मामांच्या घरावर आहेत, खऱ्या एमपीपीटीसकट. लख्ख दिवशी चार युनिटांच्या आसपास देतात. मामा रोज संध्याकाळी कंट्रोलरच्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, आणि पावसाळ्यात आकडा पडला की बोरिवलीकराला फोन करून विचारतात, काय रे, माल कुठून उचलला होतास?